साठ टक्के बंद म्हणजे नेमकं किती बंद?

वर्कशॉपच्या मामांना ओळखत नाही असा विद्यार्थी आपल्या कॉलेजात शोधून सापडणार नाही. पहिल्या वर्षी फिटिंगचा जॉब करताना हातातली कानस काढून घेऊन "अशी नाही लेका, अशी धर" असं ज्यांनी प्रत्येकाला एकदा तरी सुनावलंय, तेच ते. हॉस्टेलचा पंप बंद पडला, नळ गळायला लागला, की रेक्टर सरसुद्धा प्लंबरच्या आधी मामांना फोन करतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी तिसऱ्या मजल्यावर अशीच पाण्याची बोंब झाली म्हणून मामा जिना चढत होते आणि मधेच दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले. घाम नाही, आरडाओरडा नाही. "छातीवर सिमेंटची गोणी ठेवल्यागत वाटतंय," एवढंच म्हणाले. पाच मिनिटांनी बरं वाटलं आणि उठून परत चढायला निघाले! ॲसिडिटी म्हणे. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की जिना चढला की हे होतं, बसलं की जातं आणि असं तीन महिने चाललंय.

मामांचा मुलगा बाहेरगावी नोकरीला, त्यामुळे दवाखान्याच्या फेऱ्यांना सोबत मी गेलो. मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला, त्यात बायोमेडिकल इलेक्टिव्ह घेतलेला. म्हणजे रिपोर्ट वाचायची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. त्या दोन-अडीच महिन्यांत जे कळलं ते सबंध सेमिस्टरमध्ये कळलं नव्हतं, म्हणून हा लेख. मामांची परवानगी घेऊनच लिहितोय. "लिही, पण माझ्या तंबाखूचं लिहू नको," एवढीच त्यांची अट होती. ती मी पाळलेली नाही, हे आत्ताच कबूल करतो.

तर झालं असं. साधा ईसीजी एकदम नॉर्मल. ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी "शंकास्पद". मग सीटी अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या तीन. समोरून उतरणारी एलएडी, डाव्या बाजूने वळसा घालणारी सर्कमफ्लेक्स आणि उजवीकडची आरसीए. एलएडी आणि सर्कमफ्लेक्स ज्या एका आखूड खोडातून फुटतात, त्याला लेफ्ट मेन म्हणतात. रिपोर्टात लिहिलं होतं: लेफ्ट मेन स्वच्छ, एलएडीच्या मधल्या भागात ६५ टक्के अडथळा आणि बराच कॅल्शियम, आरसीएत ५५ टक्के, सर्कमफ्लेक्स स्वच्छ. ज्या मोठ्या हॉस्पिटलात हे दाखवलं तिथे सांगितलं, दोन स्टेंट, आणि याच आठवड्यात. परत येताना स्कूटरवर मागे बसलेल्या मामांनी विचारलं, "काय रे, साठ टक्के बंद म्हणजे पाणी चाळीस टक्के येतं का?"

मी म्हणालो, "हो, साधारण तसंच."

हे उत्तर साफ चुकीचं होतं. आणि ते मामांनीच, म्हणजे पाइप फिटिंगमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाने, रात्री फोन करून मला सांगितलं. "आपल्या हॉस्टेलचा गच्चीवरचा मेन व्हॉल्व्ह मी मागच्या वर्षी अर्धा बंद ठेवला होता. रात्री दोन वाजता कोणी नळ सोडला तर धो धो पाणी. सकाळी सातला सगळे नळ सुरू झाले की तिसऱ्या मजल्यावर ठणठणाट. मग व्हॉल्व्ह किती टक्के बंद, याला अर्थ काय?"

मित्रांनो, हृदयरोगाच्या तपासणीतला अर्धा प्रश्न या एका वाक्यात आहे.

आता जरा आपल्या भाषेत बघू. रक्तवाहिनीतला अडथळा म्हणजे सर्किटमधला एक सीरिज रेझिस्टर. त्याच्या पुढे हृदयाच्या स्नायूतल्या अतिसूक्ष्म वाहिन्यांचं जाळं, तो दुसरा रेझिस्टर. पण हा व्हेरिएबल आहे. आराम करताना तो मोठा असतो. समजा १०० एकक. धावताना त्या वाहिन्या उघडतात, तो २५ वर येतो आणि प्रवाह चौपट होतो. हृदयाला हे करावंच लागतं, कारण आरामातसुद्धा तो स्नायू मिळालेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. जास्त ऑक्सिजन हवा तर जास्त रक्त आणणं हाच मार्ग उरतो.

आता मधे १० एककांचा अडथळा आला असं धरा. आरामात काय होईल? पुढचा रेझिस्टर स्वतःच १०० चा ९० होईल, बेरीज पुन्हा १००, प्रवाह जसाच्या तसा. ईसीजी नॉर्मल, माणूस हसतखेळत. पण जिना चढताना? २५ अधिक १०, म्हणजे ३५. जिथे पूर्ण प्रवाह मिळायला हवा तिथे २५ भागिले ३५, म्हणजे सुमारे ७१ टक्केच मिळाला. छातीवर गोणी! (खरा अडथळा शुद्ध रेझिस्टरसारखा वागत नाही. प्रवाह वाढला की तिथला दाबाचा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढतो. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर ज्यांचा राहिलाय त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) के. लान्स गूल्ड यांनी १९७४ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हेच दाखवलं होतं. वाहिनीचा व्यास सुमारे ८५ टक्के आवळेपर्यंत आरामातला प्रवाह कमी होत नाही. पण जास्तीत जास्त प्रवाह निम्म्याच्या आसपास आवळल्यावरच घसरू लागतो.

म्हणजे सीटीने सांगितलेले ६५ आणि ५५ हे आकडे नळीच्या आकाराचे आहेत, पाण्याचे नाहीत. आणि त्या आकड्यांवर तरी किती विसंबायचं? एलएडी मधल्या भागात साधारण ३ मिलिमीटर व्यासाची असते. सीटीची बारीक तपशील वेगळा दाखवण्याची क्षमता सुमारे अर्धा मिलिमीटर. म्हणजे अख्खी रक्तवाहिनी सहा ठिपके रुंद! ५० टक्के अडथळा म्हणजे उरलेली वाट १.५ मिलिमीटर, ७० टक्के म्हणजे ०.९. फरक ०.६ मिलिमीटरचा, जेमतेम एक ठिपका. "मध्यम" आणि "गंभीर" यांच्यातलं अंतर एका ठिपक्याचं, आणि ते अवयव दर सेकंदाला उसळी मारत असताना मोजायचं. त्यात कॅल्शियम असला तर तो सीटीत खऱ्यापेक्षा फुगून दिसतो. अंधारात बल्बचा फोटो काढला की बल्ब मोठा दिसतो ना, तसंच. मग वाट आहे त्यापेक्षा अरुंद वाटते. मामांच्या एलएडीत नेमका कॅल्शियम होता.

म्हणून सीटी वाईट, असं मात्र अजिबात नाही. रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत असं चांगल्या सीटीने सांगितलं, तर त्यावर निर्धास्त विश्वास ठेवता येतो. शिवाय प्रवाहाला अजून आड न येणारे, भिंतीत लपलेले मेदाचे थर फक्त तिलाच दिसतात. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांवर झालेल्या स्कॉट-हार्ट अभ्यासात नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड दिली गेली. २०१८ साली पाच वर्षांचे निष्कर्ष आले. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक याचं प्रमाण सीटीवाल्या गटात २.३ टक्के, दुसऱ्या गटात ३.९ टक्के. यामागचं मोठं कारण असं मानतात, की लपलेला रोग दिसल्यामुळे योग्य माणसांना योग्य गोळ्या सुरू झाल्या. सीटीचं बलस्थान हे आहे. "या अडथळ्यामुळेच छाती दुखते का," हा तिचा प्रश्नच नव्हे.

दुसऱ्या डॉक्टरांनी मामांना म्हणूनच "स्ट्रेस थॅलियम" सांगितली. नाव थॅलियमचं, पण आजकाल बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-९९एम वापरतात. जुनं नाव जिभेवर बसलंय इतकंच. तर या चाचणीची युक्ती मला फार आवडली. रुग्णाला ट्रेडमिलवर पळवतात (पळता येत नसेल तर वाहिन्या उघडणारं औषध देतात) आणि ऐन दमलेल्या क्षणी शिरेतून किरणोत्सारी द्रव्य सोडतात. ज्या भागात रक्त जास्त, तिथल्या पेशीत ते जास्त शिरतं आणि तिथेच अडकून बसतं. मग माणूस शांतपणे बाहेर येतो, काहीतरी खातो, आणि तासाभराने कॅमेऱ्याखाली झोपतो. फोटो आत्ता काढला तरी दिसतो तो मघाशी पळतानाचा रक्तपुरवठा! ई अँड टीसीवाल्यांना वेगळं सांगायला नको, हे सरळसरळ सॅम्पल अँड होल्ड सर्किट आहे. खरं थॅलियम या बाबतीत गळक्या कपॅसिटरसारखं. ते पेशीतून हळूहळू बाहेर येऊन पुन्हा पसरतं, म्हणून फोटो लगेच काढावा लागायचा. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास, त्यामुळे निवांतपणा मिळतो. असाच एक फोटो आरामातला काढतात आणि दोन्ही शेजारी ठेवतात. पळताना फिका पडलेला भाग आरामात भरून आला, तर तिथे रक्त कमी पडतंय. दोन्हींत फिका असला तर एक तर तिथला स्नायू आधीच मेलाय, नाहीतर पुरुषांच्या बाबतीत बऱ्याचदा पोटाजवळचा पडदा मधे येऊन किरण अडवतोय.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. पहिली, चित्र ढोबळ. वेगळा दिसू शकणारा तपशील सेंटीमीटरच्या घरातला. दुसरी मर्यादा जास्त फसवी. हा कॅमेरा स्नायूतला सगळ्यात उजळ भाग शंभर धरतो आणि बाकीचे भाग त्याच्या तुलनेत रंगवतो. आता समजा तिन्ही रक्तवाहिन्या सारख्याच तुंबल्यात. हॉस्टेलच्या तिन्ही मजल्यांवर पाणी सारखंच कमी येत असेल, तर मजल्या-मजल्यांची तुलना करून काय कळणार? सगळं सारखं, म्हणून सगळं ठीक! सगळ्यात धोक्याचा रुग्ण या चाचणीत नॉर्मल ठरू शकतो. यावर एक उपाय पेट कॅमेऱ्याचा. तो दर ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळतं, हे प्रत्यक्ष आकड्यात देतो. पण त्यासाठी लागणारं रुबिडियम-८२ सव्वा मिनिटात अर्धं होतं आणि नायट्रोजन-१३ दहा मिनिटांत. एकाला जागेवर जनरेटर लागतो, दुसऱ्याला जागेवर सायक्लोट्रॉन. आपल्याकडे हे मोजक्याच ठिकाणी परवडतं. दुसरा उपाय स्वस्त आहे. सोबत सीटी ठेवा. तिन्ही वाहिन्या तुंबल्या असतील तर सीटीला ते लपवता येणार नाही. एकीचा आंधळा कोपरा दुसरीला दिसतो, एकत्र करण्याचा पहिला फायदा हाच.

(सोनोग्राफीने म्हणजे स्ट्रेस एकोनेही कमी रक्त मिळणारा भाग नीट आकुंचन पावत नाही हे दिसतं, आणि एमआरआयनेही रक्तपुरवठा तपासता येतो. एकोचा जन्म मेकॅनिकलवाल्यांना आवडेल. १९५३ साली स्वीडनमध्ये इंगे एडलर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातलं, धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासोनिक यंत्र उसनं आणून स्वतःच्या छातीवर लावून पाहिलं, तिथून सुरुवात. असो.)

मामांचा दुसरा रिपोर्ट आला आणि गोंधळ वाढला. पळताना डाव्या जवनिकेच्या, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याच्या, मागच्या-खालच्या कडेची भिंत फिकी पडत होती आणि आरामात भरून येत होती. समोरची भिंत, जी एलएडीची, ती व्यवस्थित. आणि शेवटी ओळ: "सर्कमफ्लेक्सच्या क्षेत्राशी सुसंगत." म्हणजे एक रिपोर्ट म्हणतो दोष एलएडीत आणि आरसीएत, सर्कमफ्लेक्स स्वच्छ. दुसरा म्हणतो दोष सर्कमफ्लेक्समध्येच. मामा म्हणाले, "दोन फिटरना एकच पंप दाखवावा तसं झालं हे."

आता इथे माझा प्रताप सांगतो. दोन्ही चाचण्यांच्या सीड्या आमच्याकडे होत्या आणि सेमिनारचा विषय ठरायचा होता. मी ठरवलं, दोन्ही चित्रं मॅटलॅबमध्ये घेऊन एकमेकांवर बसवायची. सीटीतून रक्तवाहिन्या उचलायच्या, थॅलियममधून रंगीत स्नायू, आणि कोणत्या वाहिनीखाली फिका डाग येतो ते पाहायचं. दोन रात्री जागून बसवलं. बाह्यरेषा छान जुळली आणि डाग आला तो बरोब्बर सर्कमफ्लेक्सच्या फांदीखाली! कागदावरच्या रिपोर्टशी तंतोतंत. मी खूष. सीटीने सर्कमफ्लेक्सचा अडथळा चुकवला, असा निष्कर्षही काढून मोकळा झालो आणि मोठ्या थाटात तो न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवला.

त्यांनी अर्धा मिनिट पाहिलं आणि विचारलं, "उजवी जवनिका कुठे आहे तुझ्या चित्रात?"

डावी जवनिका आकाराने जवळजवळ अर्ध्या अंड्यासारखी असते. अर्धं अंडं त्याच्या लांब अक्षाभोवती कसंही फिरवा, बाह्यरेषा जुळतच राहते. माझी बाह्यरेषा जुळली होती, पण सगळं चित्र तीसेक अंशांनी फिरलेलं होतं. उजव्या जवनिकेची भिंत डावीला जिथे चिकटते ती खूण दोन्ही चित्रांत शोधून ती जुळवायला हवी होती, म्हणजे फिरण्याला आळा बसला असता. आणखीही घोळ होते. सीटी एका दमात, श्वास रोखून, हृदय सैल पडलेल्या क्षणी घेतलेली. थॅलियमचं चित्र दहा-पंधरा मिनिटं श्वास चालू असताना जमवलेलं. दोन्हींच्या मधे नऊ दिवस. ज्या दोन गोष्टी मी एकमेकांवर ठेवत होतो त्यांचा आकारच एक नव्हता.

यासाठी जे शास्त्रशुद्ध गणित आहे, ते आपल्या इन्फर्मेशन थिअरीतूनच आलंय. दोन वेगळ्या जातीच्या चित्रांत राखाडीच्या छटा सारख्या नसतात, मग वजाबाकी करून जुळणी तपासता येत नाही. त्याऐवजी विचारायचं, की एका चित्रातली छटा कळली तर दुसऱ्यातली ओळखणं किती सोपं होतं? हे जास्तीत जास्त सोपं होईल ती जुळणी खरी. म्युच्युअल इन्फर्मेशन म्हणतात ते हेच. १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत एमआयटीमधल्या आणि बेल्जियममध्ये ल्यूव्हेनच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे ते चित्रं जुळवायला वापरलं. पण इथेही एक मेख आहे. थॅलियमच्या चित्रात जिथे रक्त कमी तिथे स्नायू पुसट, म्हणजे आपण जो दोष शोधतोय तोच दोष चित्राचा आकार कुरतडतो आणि जुळणी त्या बाजूला ओढली जाते. म्हणून यंत्राने जुळवल्यावरही अनुभवी डोळा लागतोच.

त्यांच्याकडच्या वर्कस्टेशनवर डॉक्टरांनी मामांचं हृदय पुन्हा बसवलं. स्क्रीनवर नारिंगी-जांभळा स्नायू आणि त्यावरून वेलीसारख्या उतरलेल्या पांढऱ्या वाहिन्या. फिरवून मागची बाजू आणली आणि कोडं सुटलं. मामांची आरसीए भलती लांब आणि दणकट. बहुतेकांच्या हृदयात ती मागे जाऊन खालच्या भिंतीला रक्त देऊन थांबते, पण मामांची एक मोठी फांदी कडेच्या भिंतीपर्यंत चढलेली. फिका डाग नेमका त्या फांदीखाली होता. त्यांची सर्कमफ्लेक्स मात्र लहानशी, अर्ध्या वाटेतच संपणारी.

मग कागदावर सर्कमफ्लेक्स कसं आलं? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००२ साली डाव्या जवनिकेचे १७ भाग पाडून एक नकाशा ठरवला. त्यातले ७ भाग एलएडीचे, ५ आरसीएचे, ५ सर्कमफ्लेक्सचे. अहवाल लिहायला, दोन हॉस्पिटलांची भाषा एक करायला हा नकाशा उत्तम. पण तो सरासरी माणसाचा आहे. मामांचा डाग त्या नकाशाप्रमाणे सर्कमफ्लेक्सच्या वॉर्डात येत होता, आणि प्रत्यक्षात तिथली पाइपलाइन आरसीएवरून टाकलेली होती. माझ्या मते दोन चित्रं एकत्र करण्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. सरासरी माणसाचा नकाशा बाजूला ठेवून समोरच्या माणसाचा नकाशा वापरता येतो. आणि माझी तीस अंशांची चूक व सरासरी नकाशा या दोन चुका एकमेकींना दुजोरा देत होत्या, म्हणून मला शंकाही आली नाही. दोन पुरावे जुळले की आपण थांबतो. ते एकाच कारणाने तर चुकलेले नाहीत ना, हे बघत नाही.

आता निर्णय. दोषी आरसीए, ५५ टक्केवाली. "६५ टक्के"वाली एलएडी तूर्त निर्दोष. म्हणजे लगेच आरसीएत स्टेंट? डॉक्टरांनी तेही केलं नाही. आधी गोळ्या: कोलेस्टेरॉल उतरवणारी, हृदयाचा वेग कमी करणारी, ॲस्पिरिन. आणि तंबाखू त्याच दिवशी बंद. त्यांनी इस्कीमिया नावाच्या अभ्यासाचा दाखला दिला. ३७ देश, ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. रक्तपुरवठा स्पष्ट कमी असलेल्या पण स्थिर दुखणं असलेल्या रुग्णांमध्ये लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केल्याने, सुमारे तीन वर्षांत, मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. छातीचं दुखणं मात्र अधिक कमी झालं. लेफ्ट मेनमध्ये मोठा अडथळा असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलं नव्हतं. मामांची लेफ्ट मेन स्वच्छ आहे हे सीटीने आधीच दाखवल्यामुळे थांबून पाहणं शक्य झालं. (हे सगळं स्थिर दुखण्याबद्दल. आराम करतानाही छाती दुखत असेल, घाम फुटत असेल, दुखणं थांबतच नसेल, तर कसली चित्रं आणि कसला लेख, सरळ इमर्जन्सीत जायचं.)

सहा आठवड्यांनी मामा बरे होते, पण दोन जिन्यांवर गोणी अजून यायचीच. वर्कशॉपची नोकरी बसून करण्यासारखी नाही. मग कॅथलॅबमध्ये प्रेशर वायरने तपासणी झाली. केसाएवढ्या तारेच्या टोकाला दाबाचा सेन्सर. (आपल्या लॅबमधला स्ट्रेन गेज आठवा आणि नम्र व्हा.) वाहिन्या औषधाने पूर्ण उघडायच्या आणि अडथळ्यापुढचा दाब भागिले अडथळ्यामागचा दाब काढायचा. मघाचं आपलं २५ भागिले ३५ हेच ते, दाबाच्या रूपात. ०.८० किंवा त्याखाली आलं तर अडथळा खरोखर नडतोय. मामांचा आकडा एलएडीत ०.८६, आरसीएत ०.७३. चित्रांनी जे सांगितलं होतं तेच तारेने सांगितलं, आणि स्टेंट एकच बसला, आरसीएत.

हे केवळ मामांचं नशीब म्हणून सोडून देता येणार नाही. २००९ साली फेम नावाच्या अभ्यासात १,००५ रुग्ण घेतले होते. निम्म्यांना डोळ्यांनी पाहून स्टेंट, निम्म्यांना हा आकडा मोजून. मोजणाऱ्या गटात माणशी १.९ स्टेंट लागले, पाहणाऱ्या गटात २.७. आणि वर्षभरात मृत्यू, अटॅक किंवा पुन्हा प्रक्रिया यांचं एकत्रित प्रमाण मोजणाऱ्या गटात १३.२ टक्के, दुसऱ्यात १८.३. त्याच अभ्यासात असंही निघालं, की अँजिओग्राफीत ५० ते ७० टक्के वाटणाऱ्या अडथळ्यांपैकी साधारण ३५ टक्केच खरोखर नडणारे होते. मामांचे दोन्ही अडथळे याच पट्ट्यातले.

मग सगळ्यांच्याच सगळ्या चाचण्या कराव्यात का? मला नाही वाटत. थॅलियमला दहा मिलिसिव्हर्टच्या आसपास किरणोत्सर्ग मिळतो, सीटीचा त्याच्या वर. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतो, त्यावरून अंदाज घ्या. पैसे लागतात ते वेगळेच. ज्याची सीटी स्वच्छ आहे त्याला थॅलियम कशाला? आणि ज्याचं लेफ्ट मेन तुंबलंय त्यालाही बहुधा रंगीत चित्राची वाट बघायची गरज नाही. उपयोग आहे तो मधल्यांना, ज्यांचा आकडा ना इकडचा ना तिकडचा. पण अशा मधल्या माणसांची संख्या थोडी नाही, आणि आपल्या घरी कोणाचा रिपोर्ट येतो तोही बहुतेक वेळा असलाच मधला असतो. तेव्हा एक काम जरूर करा. नुसता कागदी रिपोर्ट घेऊन घरी येऊ नका, चाचणीची सीडी मागून घ्या. कागदावर दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष असतो, सीडीत चित्रं असतात. मामांच्या दोन्ही सीड्या नसत्या तर डॉक्टरांना जुळवायला काहीच नव्हतं.

माझ्या सेमिनारचा विषय शेवटी "हृदयाच्या चित्रांच्या जुळणीतील चुका" असा झाला आणि पहिलंच उदाहरण माझं स्वतःचं होतं. मामा जानेवारीपासून कामावर आहेत. एलएडीतला अडथळा अजून तिथेच आहे आणि त्याच्यासाठी रोज रात्रीची गोळी आहे, ती बहुधा आयुष्यभर. तंबाखूच्या डबीत हल्ली बडीशेप असते. मी दोनदा उघडून पाहिलीय. परवा तिसऱ्या मजल्याच्या पाण्याची पुन्हा तक्रार आली, तेव्हा मामांनी गच्चीवर जायच्या आधी मलाच पाठवलं, "सकाळी सातला सगळे नळ सोडून बघ, मग मला सांग."